बंब आणि शेगडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की आणि दिवाळीच्या आधी बंबाबद्दलचे प्रश्न हमखास येतात. काही शब्दाबद्दल असतात, बरेचसे गळक्या तोटीबद्दल. तेच तेच विचारलं जातं म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे पुन्हा दिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बंब म्हणजे नक्की काय?

अंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं, क्वचित पितळेचं, उभं गोल भांडं. याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत एक नळकांडं आरपार गेलेलं असतं. जाळ त्या नळकांड्यात आणि पाणी त्याच्या भोवती. चुलीवरच्या हंड्याला फक्त बुडातून आच लागते. बंबात पाण्याने जाळाला चहूबाजूंनी वेढलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच सरपणात पाणी लवकर तापतं.

भाग मोजकेच आहेत. खाली तीन पाय, नळकांड्याच्या तळाशी निखारे धरून ठेवणारी लोखंडी जाळी, तिच्याखाली राखेचं ताट, पाणी ओतायचं नरसाळ्यासारखं तोंड, गरम पाण्याची तोटी आणि उचलायला दोन बाजूंना कड्या. नळकांड्याच्या वरच्या तोंडावर काही बंबांना टोपी असते. सरपण बहुधा वरूनच टाकतात.

२. बंबातही दोन प्रकार असतात म्हणे. माझा कोणता हे कसं ओळखायचं?

तोटी कुठे आहे ते पाहा. ती वरच्या अंगाला असेल आणि तिला फिरवायची चावीच नसेल, तर तुमचा बंब 'गार ओता, गरम घ्या' या जातीचा. नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी आतल्या नळीने थेट तळाला जातं आणि वरचं तापलेलं पाणी तेवढ्याच मापाने तोटीतून बाहेर पडतं. गार पाणी जड असल्यामुळे तळाशी राहतं. मात्र ओतायचं सावकाश. घाईने बादली उपडी केली की सगळं ढवळून निघतं आणि बाहेर येतं ते कोमट पाणी.

तोटी खालच्या अंगाला आणि चावीची असेल तर तो साधा बंब. त्यातून पाणी काढलं की पातळी खाली जाते.

हा फरक नुसता सोयीचा नाही. पहिल्या प्रकारात पाणी कितीही वापरलं तरी बंब भरलेलाच राहतो. दुसऱ्यात जाळ चालू असताना पाणी काढत गेलं की नळकांड्याचा वरचा भाग उघडा पडतो आणि बंब बिघडतो (प्रश्न १२).

३. आग विझवायला येतो तोही बंब आणि पाणी तापवतो तोही बंबच. हे कसं?

पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. तिथून मराठीत बंब आला, म्हणून पाण्याचा जोरदार फवारा मारणारं यंत्र ते आगीचा बंब. आजही वर्तमानपत्रात 'अग्निशमन दलाचे चार बंब घटनास्थळी दाखल' असंच छापून येतं. पगार, चावी, बटाटा हेही त्याच वाटेने आले. बंबाखालची राख ज्यात भरतो ते घमेलंसुद्धा. मराठीत अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या भांड्यालाही हाच शब्द रुळला आणि गुजरातीतही 'बंबो' दोन्ही अर्थांनी चालतो.

गोंधळ सहसा होत नाही, कारण क्रियापद वेगळं असतं. घरातला बंब पेटवतात, आगीचा बंब बोलावतात. पुण्यात तो १०१ वर फोन केला की येतो.

४. बंब, हंडा, घंगाळ, पाणचूल, शेगडी: कोणाला काय म्हणायचं?

पाणी तापतं ते बंबात किंवा हंड्यात, विसण घालून अंघोळीला घ्यायचं ते घंगाळात. घंगाळ पसरट, कड्यांचं, त्याला जाळ लागत नाही. जुन्या बाजारात घंगाळाला 'बंबाचं भांडं' म्हणून खपवताना पाहिलं तर हसून पुढे जा. पाणचूल म्हणजे खास पाणी तापवायला मांडलेली चूल, तिच्यावर हंडा कायमचा बसवलेला. कोकणात न्हाणीघरात अशी सोय असते.

शेगडी म्हणजे निखारे धरणारं उघडं पात्र. तिच्यात पाणी नसतं. तिच्यावर काहीतरी ठेवतात किंवा तिच्या धगीने शेकतात. मूळ शेगडी कोळशाची: लोखंडी बादलीला आतून माती लिंपलेली, मध्ये जाळी, खाली हवेचं तोंड. आता 'शेगडी' म्हटलं की पुण्यातल्या घरात गॅसची दोन बर्नरची शेगडीच डोळ्यांपुढे येते, विजेची कॉइलवाली शेगडीही आहेच. इंधन दोनदा बदललं, नाव तेच राहिलं. बंबाचं तसं झालं नाही. वीज आल्यावर त्याचा गिझर झाला. कोळशाची शेगडी पाहायची असेल तर खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं भाजणाऱ्यांकडे पाहा.

५. 'बंबफोड' म्हणजे काय?

बंबाच्या नळकांड्यात मावतील अशी, वीतभर लांब आणि अंगठ्याहून थोडी जाड फोडलेली लाकडं. वखारीत चुलीची लाकडं वेगळी आणि बंबफोड वेगळी मिळायची. आता मिळाली नाहीत तर मोठी ढलपी आणून घरी फोडावी. जाड ओंडका नळकांड्यात कोंबला की हवा अडते आणि धूर होतो.

६. समोवर आणि बंब एकच का?

रचना एकच: मधे जाळाचं नळकांडं, भोवती पाणी, बाजूला तोटी. समोवर चहासाठी, म्हणून लहान आणि आतून कल्हई केलेला. बंब अंघोळीसाठी. बंबाचं पाणी चहाला वापरू नका, कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

७. पुण्यात नवा बंब कुठे मिळतो? जुना घेताना काय पाहायचं?

नव्यासाठी कसबा पेठेतली तांबट आळी. पत्रा हातोडीने मठारून भांडी घडवण्याचं काम तिथे पेशवाईपासून चालत आलेलं आहे. बंब तयार नसेल तर मापं देऊन करून घेता येतो. मठारकामाच्या ठोक्यांची नक्षी दिसायला सुंदर असतेच, शिवाय ठोक्यांनी पत्रा टणक होतो आणि त्याला सहज पोचा पडत नाही. दुरुस्तीही तिथेच होते. बोहरी आळीत तोट्या, जाळ्या, वायसर असे सुटे भाग शोधावेत.

जुना घ्यायचा असेल तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. घेताना पाहायच्या गोष्टी:

लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर तांब्याचा मुलामा. जाळी लोखंडीच असते, तिला चिकटला म्हणून घाबरू नका.

वजन करा. २० लिटरच्या बंबाला साधारण अर्धा चौरस मीटर पत्रा लागतो आणि १ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा चौरस मीटरला सुमारे ९ किलो भरतो. म्हणजे तोटी, पाय आणि जाळी सोडून साडेचार-पाच किलो भरायला हवेत. तीन किलोंतच आटोपलं तर पत्रा पातळ आहे, शोभेला ठीक.

मोबाइलचा टॉर्च लावून नळकांड्यातून आरपार पाहा. आतला पत्रा काजळीने काळा असणारच. पण फुगवटा किंवा आत दबलेला भाग दिसला तर तो कधीतरी कोरडा जळला आहे.

शेवटी पाणी भरून बंब कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवायला मागा. विक्रेता अर्थातच 'अहो, गळत नाही' म्हणेल. निदान तासभर तरी ठेवा. तळाच्या आणि तोटीच्या सांध्यातून पाझरणारं पाणी पाच मिनिटांत दिसत नाही, कागद ओला झाल्यावर दिसतं.

८. बंब पेटवायचा कसा? पायऱ्या सांगा.

आधी पाणी, मग जाळ. क्रम कधीही उलटा करायचा नाही.

बंब सपाट जागी ठेवा, पाय डुगडुगत असतील तर खाली फरशीचा तुकडा द्या. तोटीच्या तोंडातून पाणी येईपर्यंत भरा. चावीची तोटी असेल तर वरच्या तोंडापासून चार बोटं खाली. जाळीवरची कालची राख काठीने खाली पाडा आणि ताट रिकामं करा. मग नळकांड्यात कापराच्या दोन वड्या किंवा चुरगाळलेला कागद, त्यावर गोवरीचा तुकडा किंवा नारळाची किशी, त्यावर बारीक काटक्या. पेटवायचं खालून, जाळीच्या बाजूने. काटक्या तडतडू लागल्या की दोन-तीन बंबफोड सोडा. ती धरली की मग हवं तर कोळसा.

नळकांडं निम्म्याहून जास्त भरू नका. आच चढायला वर मोकळी जागा लागते, ती नसली की बंब धुमसतो.

रॉकेल शिंपडायची सवय असेल तर ती सोडा. पेटत्या किंवा नुसत्या गरम निखाऱ्यांवर रॉकेल पडलं की त्याची वाफ होते आणि भडका थेट तोंडावर येतो. विझत आलेल्या जाळावर फुंकणी वापरा.

९. सरपण कोणतं चालतं आणि कोणतं नाही?

सुकी बाभूळ, कडुनिंब, आंब्याच्या फांद्या, करवंट्या, नारळाची सोडणं, गोवऱ्या, शेंगांची टरफलं, कणसाची बुरकुंडं, उसाची चिपाडं: सगळं चालतं, सुकं हवं. टरफलं आणि भुसा एकदम ओतू नका, थर बसून हवा बंद होते. मूठमूठ टाका. करवंट्या फार जोरात जळतात, त्या शेवटी.

कोळशात लोणारी, म्हणजे लाकडी कोळसा घ्या. दगडी कोळसा बंबात नको. त्यात गंधक असतं, ते तांब्याला खातं. शिवाय त्याची आच लहानशा जाळीला झेपत नाही.

प्लायवूड, रंगवलेली खिडकी, सनमायका लावलेला तुकडा, प्लॅस्टिक, दुधाच्या पिशव्या: यातलं काहीही नाही. प्लायचा गोंद आणि जुना रंग जळताना विषारी धूर सोडतात आणि त्या धुराशेजारीच तुम्ही अंघोळीला थांबलेले असता. घराचं नूतनीकरण झालं की 'फुकटचं लाकूड' बंबात घालायचा मोह होतो, तो टाळा.

१०. एका बंबाला सरपण किती लागतं? किती अंघोळी होतात?

२० लिटरचा बंब आणि हिवाळ्यातलं २० अंशांचं पाणी धरू. ते ७५ अंशांपर्यंत तापवायला साधारण १.३ युनिट विजेइतकी उष्णता लागते. बंबात जाळाची सुमारे एकतृतीयांश उष्णता पाण्याला मिळते असं धरलं तर सुकं लाकूड १ किलोच्या आसपास किंवा लोणारी कोळसा अर्धा किलो. ओल्या लाकडाला हा हिशेब लागू नाही. त्याची बरीच उष्णता स्वतःतलं पाणी उडवण्यातच जाते.

७५ अंशांच्या त्या २० लिटरमध्ये गार पाण्याचं विसण घालून अंघोळीजोगतं, ४२ अंशांचं पाणी केलं तर ५० लिटर होतं. म्हणजे १८ लिटरच्या पावणेतीन बादल्या.

११. दिवाळीच्या पहाटे सहा जणांचं अभ्यंगस्नान एकाच बंबावर होईल का?

होईल, पण रांग लावावी लागेल. सहा बादल्या म्हणजे १०८ लिटर. पहिल्या दोन-अडीच बादल्या तापून तयार असतात. पुढच्या प्रत्येक बादलीला, तासाला किलोभर लाकूड जळेल असा जाळ ठेवला तर, वीसेक मिनिटं लागतात. एकूण लाकूड २ किलो. उटणं लावून बसलेल्याला वीस मिनिटं फार वाटतात, म्हणून पहिला नंबर पहाटे लवकर उठणाऱ्याला द्यावा आणि जाळ त्याच्याही आधी पाऊण तास पेटवावा.

आदल्या दिवशी बंब घासून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. माळ कड्यांना बांधा. नळकांड्याच्या तोंडावर ठेवलेली माळ पहिल्याच भडक्यात जाते.

१२. बंबात पाणी नसताना जाळ राहिला. आता काय?

पाणी ओतू नका. पहिला हात बादलीकडे जातो, तोच आवरायचा. तापलेल्या कोरड्या पत्र्यावर गार पाणी पडलं की झटक्यात वाफ होऊन तोंडातून उकळतं पाणी उडतं आणि पत्रा आखडून सांधे फाटतात. निखारे जाळीतून खाली पाडा, ताट लांब ओढा, बंब आपोआप गार होऊ द्या. तासाभराने पाणी भरून गळती तपासा.

नुकसान का होतं ते असं: तांबं वितळतं १०८५ अंशांना, तिथपर्यंत सरपणाचा जाळ पत्रा नेत नाही. पण सांध्यांची कथिलाची झाळ २०० अंशांच्या आसपासच सुटते. पाणी असेपर्यंत आतला पत्रा शंभराच्या फार वर जात नाही, म्हणून झाळ टिकते. पाणी संपलं की काही मिनिटांत सांधा मोकळा. पितळी झाळ असलेले बंब जास्त सहन करतात, पण त्यांचंही नळकांडं मऊ पडून आत दबतं.

१३. बंब धुरकटतो, पेटतच नाही.

दहापैकी नऊ वेळा हवा अडलेली असते. जाळी राखेने बुजलेली, राखेचं ताट जाळीला टेकलेलं किंवा बंब थेट जमिनीवर बसवलेला. जाळी आणि जमीन यांत चार बोटं मोकळी जागा हवी. दुसरं कारण ओलं सरपण. तिसरं, वरची टोपी काढायची राहिली. हे हसण्यावारी नेऊ नका, फार होतं.

सगळं ठीक असूनही धूर होत असेल तर नळकांड्याला काजळीचा थर बसला आहे. त्याने हवा तर अडतेच, पाण्याला उष्णताही कमी लागते. महिन्यातून एकदा, बंब गार असताना, काठीला नारळाच्या किशीचा बोळा बांधून वरून खाली घासा.

१४. गळतोय. घरी दुरुस्त होईल का?

तोटीच्या चावीतून ठिबकत असेल तर होईल: चावी काढा, पुसा, गरम पाण्याला टिकणारं ग्रीस लावा, वायसर बदला. तोटी जिथे बंबाला जोडली आहे तिथून किंवा तळातून पाझरत असेल तर तांबटाकडेच न्या. एम-सील लावून पाहणारे बरेच असतात. जाळाच्या बाजूला ते जळतं, पाण्याच्या बाजूला काही आठवडे धरतं आणि नंतर तांबटाला झाळण्याआधी ते खरवडत बसावं लागतं. त्याची मजुरी तुमच्याच माथी.

१५. आत पांढरा थर बसलाय आणि पाणी तापायला वेळ लागतोय.

तो क्षार आहे. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बंबात लवकर साठतो, धरणाच्या पाण्यात हळू. लिटरला ३० ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे २० लिटरला ६०० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून बंब भरा, जाळ न करता दोन-तीन तास ठेवा. बुडबुडे येणं थांबलं की ओता आणि तीनदा स्वच्छ पाण्याने खळबळवा. वरचं तोंड उघडं ठेवा, आत वायू तयार होतो.

फरशी धुवायचं ॲसिड वापरू नका. ते क्षाराबरोबर पितळी तोटीतलं जस्त आणि झाळही खातं.

१६. बंबातलं पाणी प्यायला, स्वयंपाकाला चालतं का? तांब्याचं पाणी चांगलं म्हणतात ना.

नाही. तांब्यातलं पाणी म्हणतात ते तांब्याभर गार पाणी, रात्रभर ठेवलेलं. बंबाचे सांधे झाळलेले असतात आणि जुन्या झाळीत कथिलाबरोबर शिसंही असतं. गरम पाण्यात ते जास्त उतरतं. आत कल्हई नसते, कोपऱ्यात हिरवा जंगाल धरलेला असतो. भाजी धुवायलासुद्धा नको. दात घासायला एखादी चूळ भरली तर लगेच काही होत नाही, पण लहान मुलांना त्याची सवय लावू नका.

१७. मग आतून कल्हई करून घेतली तर?

उपयोग नाही. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईवाला भांडं तेवढं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने आतून पुसत जातो. बंबाच्या आत हात पोचतच नाही. आणि इतकं तापवलं की सांध्यांची झाळ सुटते. कल्हई पातेल्यांना करा.

१८. बाहेरून लखलखीत कसा ठेवायचा?

चिंचेचा कोळ आणि मीठ, किंवा लिंबाची फोड मिठात बुडवून. पितांबरीही चालते. दोन-तीन मिनिटांत रंग उघडतो; त्याहून जास्त वेळ आंबट लावून ठेवलं तर कळकतं. लगेच धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा, हे महत्त्वाचं. ओला ठेवलेला बंब संध्याकाळपर्यंत डागाळतो. तारेच्या घासणीने मठारकामाच्या कडा झिजतात. नळकांड्याच्या तोंडाजवळचा काळा-जांभळा पट्टा जाळाचा आहे, तो रोज घासून पत्रा झिजवू नका.

१९. फ्लॅटच्या बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत बंब पेटवता येईल का?

बाथरूममध्ये अजिबात नाही. बंब वाड्यांच्या काळात अंगणात, मागच्या पडवीत किंवा छताला धुराडं असलेल्या न्हाणीघरात असायचा. चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत धोक्याच्या पातळीला जातो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, झोप येणं ही लक्षणं. बऱ्याचदा माणूस 'जरा बसतो' म्हणतो आणि उठत नाही. अशा वेळी आधी त्याला उघड्यावर आणा, मग १०८ला फोन करा.

इथे एक उलटा गैरसमज आहे: 'धूर नाही म्हणजे धोका नाही'. धूर डोळ्यांना झोंबून माणसाला बाहेर तरी काढतो. लाल निखारे धूर देत नाहीत आणि विषारी वायू भरपूर देतात.

बाल्कनी उघडी असली तरी धूर वरच्या मजल्यावर जातो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिणग्या. गच्चीवर जागा असेल, सोसायटीची हरकत नसेल आणि जवळ पाण्याची बादली असेल तर तिथे. पाणी खाली आणायचं काम मात्र तुमचं.

२०. बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी शेगडी ठेवतात. ते सुरक्षित आहे का?

बंद खोलीत नाही. प्रश्न १९ मधलं सगळं इथे लागू आहे, उलट जास्त, कारण दारंखिडक्या 'वारा लागू नये' म्हणून मुद्दाम लावलेल्या असतात आणि तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसाहून जलद चालतो. शेक द्यायचाच असेल तर निखारे बाहेर पूर्ण लाल होऊ द्या, दोन समोरासमोरच्या फटी उघड्या ठेवा, शेक झाला की शेगडी लगेच बाहेर. रात्रभर खोलीत ठेवणं तर नकोच. ओवा-बाळंतशेपाची धुरी बाळाच्या अगदी जवळ नको. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आईला शेक देता येतो, आजीबाईंची समजूत घालायला थोडा वेळ लागेल एवढंच.

२१. राखेचं काय करायचं?

लाकडाची आणि गोवरीची राख भांडी घासायला, झाडांना थोडीशी. ती अल्कधर्मी असते, कुंडीला चमचाभर पुरे. मोगरा, गुलाब यांना आणखी जपून. दगडी कोळशाची राख झाडांना घालू नका. राख निदान एक दिवस लोखंडी घमेल्यात निवू द्या. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा जिवंत असतो, प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकली तर पेटी वितळते आणि १०१ वाला बंब यायची वेळ येते.

२२. बंबात विजेचा रॉड सोडून तापवला तर चालेल का?

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. रॉडला तडा गेला किंवा त्याचं आवरण झिजलं तर तांब्याचं अख्खं भांडं विजेचं होतं आणि तुम्ही ओल्या फरशीवर उभे राहून त्याची तोटी धरता. प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड चालतो म्हणून इथेही चालेल हा हिशेब चुकीचा आहे. बंबाला कायमची विजेची कॉइल बसवून घ्यायची असेल तर अर्थिंग बंबाच्या अंगाला पक्कं जोडलेलं हवं, सर्किटला ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, थर्मोस्टॅट हवा आणि पाणी घेताना बटण बंद. त्यानंतर त्या बंबात जाळ करायचा नाही. कॉइलची वायर नळकांड्याजवळून गेलेली असते.

२३. टाकीचा नळ थेट बंबाला जोडला आणि तोंड बंद करून टाकलं तर गिझरसारखं पाणी येईल ना?

येईल, आणि एखाद्या दिवशी बंब फुटेल. गिझरला दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट असतो, शिवाय त्याची टाकी दाबासाठी बनवलेली असते. बंब हे उघडं भांडं आहे. वाफेला आणि फुगणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला एक वाट कायम मोकळी हवी. 'गार ओता, गरम घ्या' प्रकारात ती वाट म्हणजे वरची तोटी. तिला चावी बसवणं, रबरी नळी घट्ट लावून नळीचं तोंड बादलीत बुडवणं, चिंधी कोंबणं यातलं काहीही करू नका.

नळ जोडायचाच असेल तर तो नरसाळ्याच्या वर, मधे हवेची फट राहील असा आणा. नळ सोडला की गार पाणी नरसाळ्यात पडेल आणि तोटीतून गरम येईल. नळ बारीक सोडा. मिनिटाला एक लिटर इतकी धार असेल तर पाणी न ढवळता येतं.